मांडीवरची तपासणी

दुपारची भांडी आवरून विभावरी शमीशेजारी पाठ टेकते. नुसती पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं स्वतःला बजावून. चार वर्षांची शमी ऐसपैस पसरली आहे. ऑपरेशन झाल्यापासून ती ज्यांच्यातून ऐकते ती दोन्ही कानांमागची मशिनं काढून डबीत ठेवलेली. मशीन काढलं की तिचं स्वतःचं उरलंसुरलं ऐकणं तेवढं राहतं. मिक्सर, ट्रक, असले जाड आवाज. ते तरी टिकावं म्हणून कानातली तार किती हलक्या हातानं सरकवली, हे सर्जननी विभावरीला चित्र काढून दाखवलं होतं. "उतरायला लागलं तर लगेच कळायला हवं," असंही ते म्हणाले होते. "वेळेत कळलं तर औषध देऊन बघता येतं."

काल मशीन काढून त्याच ऐकण्याची तपासणी झाली. छान आली. आठवलं की विभावरीच्या कानाच्या पाळ्या तापतात.

पंखा घरघरतो. भिंतींवर काळा स्पंज चढत जातो आणि ती कालच्याच बंद खोलीत, त्याच खुर्चीत बसलेली असते. मांडीवर मात्र शमी नाही. अप्पा आहेत.

तिचे वडील जाऊन वर्ष झालं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोक्यावर भलामोठा हेडफोन, पाय लोंबकळत. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. चिमणीएवढं वजन त्यांचं.

"अप्पा, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा."

"परवा येतो."

"ठोकळा, अप्पा."

"हो हो, ठोक भावानंच लावलाय."

तिला हसू येतं. असंच चालायचं त्यांचं. तासगावात बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक भेंडीचं बी मागायचं, अप्पा दोडक्याचं पाकीट पुढं करायचे आणि चूक कळली की म्हणायचे, "भेंडीवर यंदा कीड फार." ऐकू आलं नाही, असं मात्र जन्मात कबूल केलं नाही.

स्पंजाच्या जागी पोत्यांची थप्पी लागते. मक्याचा कोंदट वास येतो. काचेपलीकडे, गल्ल्यावर, कानांची तपासणी करणाऱ्या पल्लवी मॅडम बसल्या आहेत. त्या बटण दाबतात. घूंऽ. खालच्या पट्टीतला जाड आवाज. अप्पा ठोकळा गालाशी धरून समोर बघत राहतात.

विभावरीचा गुडघा हलतो. किंचित, कालच्यासारखाच.

अप्पा ठोकळा टाकतात.

"वा, आजोबा," मॅडम हसून खूण करतात.

पुन्हा घूंऽ. पुन्हा गुडघा. मग अप्पा मान वळवून बघतात.

"विभे, हा गुडघा कुणाचा?"

"माझा."

"मग ऐकू कुणाला आलं?"

ती त्यांचा हेडफोन सारखा करते.

"स्वतः पहिली यायचीस, आता पोरीलाही पहिली आणलीस म्हण की."

"मॅडमचा चेहरा पडत चालला होता, अप्पा. घरात सगळे ऑपरेशन नको म्हणत होते. मीच हट्टानं करवलं. होतं तेही घालवलंस म्हणतील ना मला."

"म्हणजे पास तुला व्हायचं होतं."

त्यांच्या पाठीत तोंड खुपसावं असं तिला वाटतं. शर्टाला डांबरगोळ्यांचा वास आहे.

"तुम्ही काय केलंत?" ती पाठीशीच बोलते. "डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी बंद करा म्हणून सांगितलं, तुम्ही हो हो म्हणालात. आणि घेत राहिलात. आम्हाला कळलं ते शेवटी."

"काय म्हणाले ते पुन्हा विचारायची लाज वाटली," अप्पा म्हणतात. "म्हणून तर लेकीच्या मांडीवर बसायची पाळी आली."

ते जड होऊ लागतात. आधी पायलीभर, मग पोत्याएवढे.

"उठा ना अप्पा, पायाला रग लागली."

"हलू नको. वाजेल आता."

घूंऽ. तिला स्वच्छ ऐकू येतं. गुडघा हलवायला जाते, हलत नाही. अप्पांना काहीच ऐकू आलेलं नाही. ठोकळा त्यांच्या गालाशी तसाच. काचेपलीकडे मॅडम थांबून राहतात, थांबूनच राहतात.

"आता लिहा म्हणावं त्यांना," अप्पा म्हणतात.

डोळे उघडतात तेव्हा शमी पार भिंतीकडे सरकून झोपलेली. मांडीवर कुणी नाही. तरी उजवा पाय कंबरेपासून खाली बधिर झाला आहे. हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही, असा दंडक तिनंच घातलेला. ती मांडीला चिमटा काढते. काही कळत नाही.

ती फोन लावते.

"मॅडम, कालची तपासणी पुन्हा करायला हवी."

"का हो? किती छान आली."

"ती शमीनं दिली नाही. मी दिली. मांडीवरून, गुडघ्यानं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येतो.

"अहो ताई," मॅडम अखेर म्हणतात, "आत्ताच्या आत्ता घेऊन या. सर्जन सरांना कळवते मी. आणि या वेळी तुम्ही बाहेर बसायचं."

"हो." मग तिलाच त्या 'हो'ची भीती वाटते. "पुन्हा सांगा, मॅडम. कुठल्या खोलीत यायचं?"

मॅडम पुन्हा सांगतात. झोपलेल्या शमीला खांद्यावर टाकून विभावरी उठते आणि भिंतीला हात लावत, पाय फरफटत दाराकडे निघते.