व्याह्यांच्या खाडीत माझा लाइट

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली ती तळहातावर मावणाऱ्या एका लाइटमुळे. हुंडा नाही, मानपान नाही, पत्रिका नाही. लाइट. आणि तो मी फार विचार करून घेतला होता, हे जास्त वाईट.

आम्ही नांदगावचे. काजू, आंबा आणि चार वाफे भात एवढंच आमचं जग. समुद्र आम्हाला माहीत तो बाजारात टोपलीत येतो तेवढाच. अशात आमच्या तन्वीचं लग्न ठरलं देवबागच्या निखिलशी. मुलगा सालस, घरचा होमस्टे, सगळं उत्तम. निखिलचे वडील आबा हे जुने रापणकर. रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. आबा बोलतात कमी, पण एलईडी हा शब्द कुणी उच्चारला की थांबत नाहीत. बाहेरच्या मोठ्या बोटी पाण्यावर प्रखर एलईडी दिवे सोडतात, उजेडाला भुलून मासळी गोळा होते आणि ती उपसून नेतात. बंदी आहे, तरी चालतं. मग किनाऱ्यावरच्या रापणीत येतात ती पानं आणि प्लास्टिकच्या बाटल्या. याविरुद्ध आबा उपोषणाला बसले होते आणि मी स्वतः तिथे हार घेऊन गेलो होतो. (हार चांगला मोठा होता. आमची सोयरीक त्या मंडपातच जुळली.)

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. तरीही जे व्हायचं ते झालंच.

साखरपुडा आठवड्यावर आला तेव्हा तन्वीने प्री-वेडिंग व्हिडिओ हवा म्हणून सांगितलं. फोटोग्राफर बोलावू या, असंही ती म्हणाली होती. पण माझ्या अंगात कुठून काय संचारलं कोण जाणे, मी म्हणालो, व्हिडिओ मी काढणार. आंब्याच्या मोहोराचे माझे व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर सगळे बघतात. (निदान हात जोडलेलं चित्र तरी पाठवतात.) माझी बायको सुलभा भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"गेल्या चवथीक तुमी काढलेल्या फोटोत फकस्त उंदीर इलो," ती म्हणाली, "गणपती नाय."

तो दोष उजेडाचा होता! हेच सिद्ध करायला मी कणकवलीला गेलो. दुकानदाराने विचारलं, लाइट कशासाठी हवा? मी म्हणालो, उजेडासाठी. तिथेच त्याने मला ओळखलं. मग त्याने रिंग की पॅनल, वॉर्म की कूल, एकरंगी की सगळ्या रंगांचा, चार्जिंगचा की वायरचा असं विचारायला सुरुवात केली. मुलगी बघायला गेलेल्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नसेल. शेवटी त्याला कंटाळा आला आणि त्याने एक रिंग लाइट माझ्या हातात दिला.

घरी येऊन मी तो सुलभावर लावून बघितला. तिच्या चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या दिसायला लागल्या आणि चेहरा दिसेनासा झाला. परत केला. मग एक पांढऱ्या उजेडाचा आणला, त्यात ती नुकतीच ऑपरेशन होऊन आल्यासारखी दिसली. त्याच्या बदली पिवळ्या उजेडाचा आणला, त्यात तिला कावीळ झाली. मग वैतागून सगळ्यांत मोठा पॅनल आणला. तो संध्याकाळी ओटीवर लावला, तर शेजाऱ्यांचा कोंबडा आरवला. सुलभा उठून आत निघून गेली आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही.

मग मी इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचायला बसलो. ही त्याहून मोठी चूक. एक जण म्हणतो, असा लाइट जगात नाही. खाली दुसरा म्हणतो, दोन दिवसांत फुगला. लहान घ्यावा तर उजेड कमी, उजेड भरपूर असेल तर बॅटरी टिकत नाही. मी आयुष्यात पंप निवडले, कलमं निवडली, जावईसुद्धा निवडला, पण इतका हताश कधी झालो नव्हतो. अखेर दुकानदारानेच तोडगा काढला. खिशात मावेल असा छोटा एलईडी, रंग खरे दाखवणारा, हवा तो रंग आणि हवा तो इफेक्ट देणारा, शिंतोडे उडाले तरी न बिघडणारा. वर तो म्हणाला, आता हा परत आणू नका. हे तो हात जोडून म्हणाला.

शूटिंग आबांना कळू द्यायचं नव्हतं. साखरपुड्याआधी मुलगा-मुलगी होडीतून फिरतात हे त्यांना रुचणार नाही, असं निखिलचं म्हणणं. त्याने मित्राची होडी आणली. मी सुलभाला चल म्हटलं, तर ती म्हणाली, "माका पोहूक येणा नाय आणि तुमका फोटो काढूक. मी घराकडेच बरी."

दिवेलागणीला आम्ही तिघं होडीतून निघालो आणि खाडी समुद्राला मिळते तिथे, संगमाजवळ थांबलो. निखिल वल्ह्यांवर, तन्वी समोर जरीच्या साडीत, मी मधे फोन आणि लाइट सांभाळत. लाइट लावला आणि फोनच्या पडद्यावर तन्वीचा चेहरा बघून मला भरून आलं. खरंच सांगतो, माझी पोर इतकी सुंदर आहे हे मला त्या घडीपर्यंत कळलंच नव्हतं. (त्याच वेळी हुंदका आल्यामुळे तो शॉट हलला.)

इथेच थांबलो असतो तर! पण मला पाण्यात प्रतिबिंब हवं होतं. मी लाइटला दोरी बांधली आणि तो होडीच्या काठावरून पाण्याच्या अगदी वर लोंबकळत सोडला. रंग केला हिरवा, उजेड केला पूर्ण. पाणी आतून पेटल्यासारखं झालं. मी स्वतःवरच खूश! तेवढ्यात त्या हिरव्या पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळायला लागलं. मग त्याहून मोठं काहीतरी. बघता बघता होडीखाली मासळीची जत्रा भरली. निखिलचं वल्हं थांबलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "लाइट बंद करा."

मी म्हटलं, थांब रे, आता कुठे इफेक्ट येतोय. त्याच क्षणी हातभर लांबीचा एक शेवटा मासा पाण्यातून उसळला आणि थेट तन्वीच्या मांडीत येऊन पडला. तन्वी किंचाळली, होडी डुगडुगली. आणि मी, मुलीचा बाप, काय बोललो असेन?

"सोडू नको गो त्येका! राती तळूक होतलो."

मागे कुठेतरी इंजिनाचा आवाज बंद झाला. वळून बघितलं तर अंधुक उजेडात एक मोठी होडी आमच्या बाजूला येऊन लागली होती. तिच्यात चार-पाच तगडे मच्छीमार आणि सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून, आबा. एलईडीवाले समुद्र सोडून आता खाडीत घुसले, अशी खबर किनाऱ्यावरून गेली होती आणि आबा त्यांना पकडायला आले होते. तिथे त्यांना सापडलो मी, त्यांचा मुलगा, होणारी सून, पाण्यावर लोंबकळणारा एलईडी आणि ताजा मासा. काहीही कमी नव्हतं.

"व्याही?" आबा म्हणाले.

मी नमस्कार केला. तन्वीने मात्र तो बुळबुळीत मासा दोन्ही हातांत कसाबसा धरला आणि अलगद पाण्यात सोडून दिला. मासळीला कधी हात न लावलेली पोर! आबांनी ते बघितलं, पण त्यांचा चेहरा हलला नाही.

आधी लाइट बंद करावा म्हणून मी दोरी वर ओढली. त्याची बटणं उडदाएवढी. एक दाबलं, तर वीज चमकली. दुसरं दाबलं, तर मेणबत्ती फडफडली. तिसरं दाबलं आणि लाल-निळा, लाल-निळा असा पोलिसांच्या गाडीचा इफेक्ट सुरू झाला. तो काही केल्या बंद होईना. तोच किनाऱ्यावर एकदम गलका झाला आणि टाळ्या ऐकू आल्या. आबा इतकी वर्षं गस्तीची बोट मागत होते आणि आज ती खरोखरच आली, असं लोकांना वाटलं होतं!

आमची वरात किनाऱ्याला लागली तेव्हा स्वागताला अर्धं गाव जमलं होतं. बोटीतून मी उतरलो. दोरीने गळ्यात अडकवलेला लाल-निळा लाइट, साडी भिजलेली मुलगी मागे, मान खाली घातलेला निखिल त्याच्या मागे. टाळ्या थांबल्या. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "आबा, एलईडी तुमच्याच घरात?"

ज्या माणसाने यासाठी उपाशीपोटी दिवस काढले, त्याची मान माझ्या हौसेपायी खाली गेली होती. माझ्या पायाखालची वाळू सरकली. (देवबागला ती एरवीही सरकतेच, पण आज कारण मी होतो.) मी तन्वीकडे बघितलं. ती रडत नव्हती, नुसती आबांकडे बघत होती. हे लग्न आता होत नाही, माझी खात्री झाली. सुलभाला फोन करून काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. सुरुवातच सापडेना.

मग आबा बोलले, ते गावाला उद्देशून. "त्या चेडवान मासो परत पाण्यात सोडल्यान. तां मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. ती माझ्या घरात येतली."

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथून उचलायच्या आत आबा माझ्याकडे वळले.

"आता ह्येंचा काय करूचा तां बघूया."

गावचा नियम साधा. पाण्यावर दिवा लावताना जो सापडेल त्याने गावासमोर कबुली द्यायची आणि तिचा व्हिडिओ किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकायचा. नातं कुठलंही असो. चार जणांनी फोन काढले, पण एव्हाना काळोख पडला होता आणि कुणाच्याच फोनमध्ये माझा चेहरा येईना. आबांनी हात पुढे केला. "तो लाइट हाडा हयसर," ते म्हणाले. मी निमूट दिला. त्यांनी पहिल्याच फटक्यात बरोबर बटण दाबलं.

मग आबांनी स्वतः लाइट धरला. थोडा वर, थोडा डावीकडे. कुणीतरी म्हणालं, पांढरो नको, मातसो पिवळो करा. तसा केला. मी बोलायला लागलो आणि मला रडू फुटलं. आबांनी फोनवाल्याला थांबवलं. "रडू नकात, बोला. परत पयल्यापासून." दुसऱ्या खेपेला मी सगळं नीट बोललो. मी नांदगावचो, पाण्यावर एलईडी लावलंय, चूक झाली, परत कधी लावूचंय नाय. फोनवाल्याने अंगठा वर केला.

तन्वी-निखिलच्या प्री-वेडिंगचं म्हणाल तर माझ्या हुंदक्याने हललेला एक शॉट आहे, त्यात कुणाचंच डोकं पूर्ण नाही. माझा व्हिडिओ मात्र किनारा ओलांडून थेट बांद्यापर्यंत पोचला. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला, भर उन्हात, दुपारी. आबा माझा हात धरून मला त्यांच्या पाहुण्यांकडे घेऊन जात होते, पण ओळख करून द्यायची गरज कुठेच पडली नाही. वेंगुर्ल्याहून आलेल्या त्यांच्या एका म्हाताऱ्या आत्येने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, चष्मा पुसला, पुन्हा न्याहाळलं आणि जरा निराश होऊन म्हणाली,

"व्हिडिओत तुमी बरे दिसत होतास."