उजवीकडून वाचणारे आबा

गोष्टीतल्या सोशिक पोरांचा मला अलीकडे राग येतो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलांच्या गोष्टींची शेकडो पुस्तकं हाताखालून गेली. सगळीकडे तेच. पोर आधी मार खातं, उपाशी झोपतं, तोंड शिवल्यासारखं गप्प राहतं आणि शेवटी ताठ उभं राहून असं काही बोलतं की अख्ख्या गावाची मान खाली जाते. त्याच्या बोलण्यानं घरातल्या दुसऱ्या कुणाची वाचा बसली का, हे लेखक सांगत नाही. मला सांगता येईल, कारण आमच्या घरात ते झालं आणि ते मी केलं.

माझे वडील, म्हणजे आबा, सरकारी कचेरीत कारकून होते. मूळचे कन्नड तालुक्यातले. घरात बोलणं मराठी, पण निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून झाली आणि नोकरीही उर्दूतच. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं, की गुलमंडीच्या बाजारातले मुसलमान दुकानदार अर्ज लिहून घ्यायला आमच्या घरी येत. मराठी अक्षरांशी त्यांचा संबंध दुकानांच्या पाट्यांपुरता. पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं तसंच निभावलं. मग हैदराबाद राज्य मोडलं, आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि कचेरीचा कारभार मराठीत आला. नवे साहेब पुण्याकडचे. त्यांनी जुन्या कारकुनांना सहा महिन्यांची मुदत दिली. साहेबांसमोर एक अर्ज मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर मराठीत टिपण लिहायचं. जमलं नाही तर बढती विसरायची आणि असलेलं टेबलही सोडायचं.

मी तेव्हा सहावीत होते, अकरा वर्षांची. वाचायची हौस दांडगी, पण चारचौघांत इतकी मुखदुर्बळ की हजेरीला ‘हजर’ म्हणायलाही शेजारणीनं ढोसावं लागे. एका संध्याकाळी आबा माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “मला मराठी वाचाया शिकीव. पन बाहेर कुठं बोलू नको, बरं का.”

पाठ्यपुस्तक त्यांना नको होतं, म्हणून मी शाळेच्या कपाटातलं गोष्टीचं पुस्तक आणलं. मामाकडे राहणाऱ्या एका आईवेगळ्या मुलीची गोष्ट होती. मामीची चांदीची वाटी हरवते, आळ पोरीवर येतो आणि पोर काही बोलत नाही. आबांनी पुस्तक हातात घेतलं ते मागच्या बाजूनं उघडलं. मी उलटं करून दिलं, तर बोट ओळीच्या उजव्या टोकाला ठेवलं. उर्दू उजवीकडून वाचतात, हाताला तीच सवय. मी आमच्या बाईंसारखी फूटपट्टी घेऊन बसायची आणि बोट चुकलं की पट्टीनं डावीकडे सरकवायची. ते निमूटपणे सरकवून घेत. ‘मा, मी, मामी’ करत एक ओळ पुरी व्हायला चिमणीतलं निम्मं तेल जाई.

पण त्यांना गोडी लागली. कचेरीतून आले की हातपाय धुऊन आधी पुस्तक मागायचे. पोरीला उपाशी ठेवलं त्या पानावर ते थांबले आणि चिडून म्हणाले, “बोलत का नाय ही? तोंड दिलंय ना देवानं?” चौथ्या महिन्यात त्यांनी अख्खं पान न अडखळता वाचलं. बोट तेवढं अजूनही आधी उजवीकडे जायचं, मग दचकून परत यायचं. आई चुलीवर तवा तापत ठेवून दाराशी येऊन ऐकायची. त्या दिवसांत आमच्या घरात फार सुख होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमची शाळा शनिवारी अर्धा दिवस असे. त्या शनिवारी बाईंनी प्रत्येकीला उठून एक नक्कल करायला सांगितली. कुणी बोहारीण केली, कुणी टांगेवाला. माझी पाळी आली. बाई म्हणाल्या, हिच्या तोंडून काही निघायचं नाही, बसू दे. वर्ग हसला. मला काय झालं ठाऊक नाही. मी समोरच्या बाकावरचं पुस्तक उचललं, मागच्या बाजूनं उघडलं, बोट उजवीकडे ठेवलं आणि आबांच्या घोगऱ्या आवाजात ‘मा, मी, मामी’ सुरू केलं. बोट दचकून परत आणलं. वर्ग असा हसला की बाकं हलली. बाईंनी तोंडाला पदर लावला. हे कोण गं, असं कुणी तरी विचारलं आणि जिला ‘हजर’ म्हणता येत नव्हतं ती मी खणखणीत आवाजात म्हणाले, “आमचे आबा.” बाईंनी मला शेजारच्या वर्गात नेऊन पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या खेपेला मी ते पहिल्यापेक्षा चांगलं केलं. मला त्या दिवशी आवाज सापडला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

आबांच्या कचेरीतल्या एका कारकुनाची मुलगी माझ्याच वर्गात होती.

सोमवारी आबांनी फाइल उघडली, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस हवेत उजवीकडून बोट फिरवू लागला. मग दुसरा, मग शिपाईसुद्धा. हे आईला नंतर शेजारणीकडून कळलं. आबा घरी आले ते नेहमीसारखेच. मी पट्टी घेऊन बसले होते. ते म्हणाले, पुस्तक परत देऊन टाक, शाळेचं किती दिवस ठेवायचं. गोष्टीतली पोरगी अजून बोललीही नव्हती, तीनच प्रकरणं उरली होती. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, आता जमतंय मला. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालून गेले. साहेबांनी अर्ज हातात दिला. दारात बाकीचे कारकून गर्दी करून उभे होते. आबा कागद धरून उभे राहिले, साहेबांनी दोनदा ‘वाचा’ म्हटलं, त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही. त्यांना जुन्या दप्तरखान्यात पाठवलं. तिथं उर्दू कागदांची गाठोडी धुळीत पडलेली असत आणि कुणाला काही मोठ्यानं वाचून दाखवावं लागत नसे. निवृत्तीपर्यंत ते तिथंच राहिले.

ते परीक्षेहून आले त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं. तुम्हाला तर येत होतं ना, असं मी विचारलं.

“व्हय, येत व्हतं,” आबा म्हणाले. कोट काढून त्यांनी खुंटीला लावला. मग माझ्याकडे पाहून हसल्यासारखं केलं. “लई चांगली नक्कल करतीस म्हणं. समद्यांनी पाह्यली, मीच ऱ्हायलो. एकदा मलाबी करून दाखव.”

ते खाली बसले आणि वाट पाहू लागले. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.