सबनीसांचा रश

काही घरांत किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एखादा मुलगाच असा निघतो, की दर शनिवारी नवीन किस्सा घेऊन घरी येतो. तोही लंगडत!

आमच्या अ‍ॅशबर्नच्या ग्रुपमध्ये असा मुलगा म्हणजे हृषीकेश, माझी मैत्रीण सुलभा आणि विनायक सबनीस यांचा एकुलता एक. मी त्याची वर्षामावशी. दोन हजार एकला इथे अमेरिकेत कॉलेज संपलं आणि बाकीच्या मुलांनी लॅपटॉप उचलले, तेव्हा यानं रग्बी लीगचा बॉल उचलला.

हा खेळ मी इतक्यांना समजावलाय की झोपेतही सांगेन. तेरा विरुद्ध तेरा. बॉल छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी आडवं करायचं, उठायचं, परत पळायचं. पास द्यायचा तो फक्त मागे. सहाव्यांदा आडवे झालात, की बॉल समोरच्या टीमला. आणि हेल्मेट नाही!

कोचनं पहिल्या दिवशी नाव विचारलं. यानं सांगितलं, "हृषीकेश." कोचनं तीनदा प्रयत्न केला, घाम पुसला आणि म्हणाला, "सन, यू आर रश." पुढे हा सुसाट पळायला लागला, तेव्हा लोकांना वाटलं, नाव त्यावरूनच पडलंय!

*

विनायकचा या सगळ्याला कडक विरोध. "मी मॅचला येणार नाही," असं त्यानं जाहीर केलं. पण सुलभाला ड्राइव्ह करायचा कंटाळा, म्हणून तो तिला सोडायला यायचा आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत पेपर वाचत बसायचा. गाडीचं तोंड मात्र ग्राउंडकडे.

एका मॅचला रेफ्रीनं समोरच्या टीमला पॉइंट्स दिले. आम्ही बायका थर्मासातला चहा ओतण्यात दंग होतो. इतक्यात मागून, गाडीच्या खिडकीतून, गर्जना आली, "अहो, पास पुढे दिला ना त्यानं! आंधळा आहे का हा रेफ्री?"

सुलभानं वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाली, "वर्षा, पुढच्या वेळी तीन खुर्च्या घेऊ."

*

टीममध्ये सियोने नावाचा एक मुलगा होता, पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा. दारातून आत यायचा तर आधी उजेड जायचा, मग हा दिसायचा! पण आवाज एकदम मऊ. सुलभाच्या हातचं थालीपीठ त्यानं एकदा खाल्लं आणि मग मॅचच्या सकाळी तो सबनीसांकडेच उगवायला लागला. "काकू, मोर लोणी, प्लीज," हे त्याचं पहिलं मराठी वाक्य.

कोचनं डाएटचा विषय काढला, तेव्हा सियोने म्हणाला, "कोच, तुम्ही काकूंना 'नको' म्हणून दाखवा. मग मी पण म्हणेन."

कोच गेला. दोन थालीपिठं खाऊन, उरलेली डब्यात घेऊन परत आला!

*

सांगलीहून हृषीकेशचे आजोबा आले होते. मॅच काठीवर हनुवटी टेकवून शांतपणे पाहिली. संपल्यावर विनायकनं विचारलं, "काय नाना, कसा वाटला खेळ?"

"कबड्डीच आहे की रे! फक्त यांना मधे श्वास घ्यायची सवलत आहे."

*

क्लबनं हृषीकेशला पगारी खेळाडू म्हणून घेतलं, तरी सुलभा मराठी मंडळात सगळ्यांना सांगायची, "तो स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे." खोटं नव्हे, पण खरंही नव्हे. हे त्याला माहीत होतं. तो नुसता हसायचा.

मग त्याची कॉलरबोन मोडली. इमर्जन्सीमध्ये आम्ही दोघी त्याच्या शेजारी उभ्या. पेनकिलरनं त्याचे डोळे मिटत होते. नर्सनं विचारलं, "काम काय करतोस?"

त्यानं कष्टानं आईकडे पाहिलं आणि पुटपुटला, "स्पोर्ट्स मॅनेजमेंट, मॅम."

सुलभाचे डोळे भरून आले. मग एवढ्या मोठ्यानं बोलली, की पडद्यापलीकडचा पेशंट दचकला. "नो! ही प्लेज रग्बी लीग. प्रोफेशनल!"

नर्स खांद्याकडे बघत म्हणाली, "हां, आता लक्षात आलं."

डॉक्टर म्हणाले होते, परत खेळणं अवघड आहे. पुढच्या सीझनला हा पहिल्या मॅचपासून ग्राउंडवर! आणि मंडळात कुणी विचारायच्या आत सुलभाच सांगायला लागली, मुलगा काय करतो ते.

*

आता दोन हजार आठची फायनल. हृषीकेश कॅप्टन. शेवटची काही मिनिटं, आम्ही थोडक्यात मागे. पलीकडच्या रेषेपार बॉल टेकवला असता, तर मॅच हातात होती.

समोरच्या टीमचा एक उंच, लाल केसांचा मुलगा सियोनेला अडवायला धावला. दोघांची डोकी आपटली. आवाज आमच्यापर्यंत आला. बॉल उडाला तो नेमका हृषीकेशच्या हातात. समोर मोकळं मैदान. एक माणूस नाही! विनायक खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "पळ! हृषी, पळ!"

सियोने डोकं धरून उठून बसला. लाल केसांचा मुलगा मात्र पालथा पडला होता, तोंड मातीत, हलत नव्हता. रेफ्री लांब होता. हृषीकेशनं रेषेकडे पाहिलं. मग बॉल टाकला आणि मागे धावला. गुडघ्यावर बसून, मान सांभाळत, त्यानं त्या मुलाला कुशीवर केलं, तोंडातला गार्ड बोटानं बाहेर काढला आणि हात वर करून डॉक्टरांना हाका मारायला लागला.

मुलाला स्ट्रेचरवरून नेलं. मॅच आम्ही हरलो. कोचनं टीमला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाला, "त्या बॉलबद्दल इथे कुणी, कधी, काही विचारणार नाही." विनायक खुर्च्या घडी करत होता. एकच खुर्ची तो परत परत घडी करत होता.

आम्ही गाडीत सामान भरत होतो, तेव्हा एक उंच बाई घाईघाईनं आली. तिचे केसही लालच. सुलभासमोर थांबली आणि तिचे दोन्ही हात धरले. सुलभानं तिला जवळ घेतलं. ती सुलभापेक्षा हातभर उंच, त्यामुळे वाकून रडत होती.

सुलभा तिच्या पाठीवर हात फिरवत, चक्क मराठीत म्हणाली, "पोरगं कसं आहे गं तुझं?"

ती बाई डोळे पुसत म्हणाली, "ही जस्ट आस्क्ड फॉर अ बर्गर!"