गोळी नाकारणारे खाजाचाचा

दुपारच्या बॅचला फळ्यावर भिंगाची आकृती काढत होते, तेवढ्यात शबानाचा फोन आला. "मॅडम, अब्बा गेले..." लातूरमधल्या आमच्या क्लासच्या गल्लीत खाजाचाचांचं औषधाचं दुकान, शबाना त्यांची मुलगी. चाचांना जाऊन आता महिना होत आला. पण चाचांबद्दल लिहायला बसलं की रडू येण्याऐवजी अंगात उत्साहच संचारतो. माणूसच तसा होता!

माझं पाठीचं दुखणं भूकंपाचं. औश्याकडच्या आमच्या गावात घराची भिंत अंगावर पडली, तेव्हा मी दहावीत होते. मणका सांधला, कळ मात्र मुक्कामाला राहिली. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि मी भौतिकशास्त्र शिकवू लागले. सकाळी सहापासून बॅचेस, दिवसभर उभं राहणं. एक गोळी घेतली की चार तास फळ्यापुढे वाघीण! मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. त्याही नुसत्या चहावर, जेवायला वेळ कुणाला होता? एके दिवशी चाचांनी गोळ्यांची पट्टी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खणात ठेवली.

"मॅडम, आजपासून न्हाई देणार."

"चाचा, परीक्षा तोंडावर आलीय. पोरं वाट बघून राहिलीत."

"हाव, म्हणूनच. ही गोळी कळ झाकून राहिली, पाठ तशीच हाय. अन् पोट जाळून घेताय ते वेगळंच. आधी डॉक्टरला दाखवा."

मी भडकले. दुसऱ्या दुकानातून गोळ्या आणल्या. पंधरा दिवसांत भर वर्गात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळले. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दवाखान्यात डोळे उघडले तर खाटेशेजारी चाचा, दुकान बंद करून आलेले. वाटलं, आता ऐकवतील. ते एवढंच म्हणाले, "वाचलात. आता पाठीचं बघू."

डॉक्टरांनी जुन्या गोळ्या कायमच्या बंद केल्या. दुसरी दिली, तीही मोजके दिवस, व्यायाम करता यावा एवढ्यापुरती. मी हिरमुसले. "मग गोळीचा उपयोग काय, चाचा?"

"उपयोग लई हाय. ती तुम्हाला खाटेवरून उठवील. पुढं चालायचं तुमचं तुम्ही."

आणि चालले की मी! पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, घामाघूम होऊन. चाचा दुकानाच्या पायरीवरून टाळ्या वाजवत होते. दोन महिन्यांत गोळी सुटली. वर्षभरानं माहूरला गेले, तर रेणुकेच्या डोंगराच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढले. धापा टाकतच फोन लावला, "चाचा, वर आले मी! चालत!" पलीकडे ते गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होते, "अरे, आपल्या मॅडम गड चढल्या!"

आता माझ्या वर्गात पाऊण तास झाला की मी शिकवणं थांबवते. दीडशे पोरं-पोरी बाकं सरकवत उभी राहतात, हात वर करतात, कंबर मागं झुकवतात. केवढा कल्ला होतो! शेजारच्या वर्गातले सर तक्रार करतात... करोत. गेल्या आठवड्यात अहमदपूरची एक पोरगी जवळ येऊन कुजबुजली, "मॅडम, कंबर लई दुखून राहिली. एखादी गोळी हाय का?"

मी तिचा हात धरला. "संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ, मी येते तुझ्यासोबत. आणि आधी सांग, जेवलीस का?"