बर्नडेटबाईच्या टोपलीत डॉल्फिन नव्हता

टोपलीत काय आहे हे न विचारता बाईला खुनी ठरवायला किती शिकावं लागतं हो?

समुद्रकाठच्या चौक गावची बर्नडेटबाई अकरा वर्षं शहरात, बेव्हर्ली पार्कात, एका सोसायटीच्या गेटाशी मासळी विकत होती. तिची मोरी, म्हणजे आपली लहान शार्क, लोक आधी सांगून ठेवायचे. बाळंतिणीला दूध येतं म्हणतात. मोरीची कातडी खरखरीत, गरम पाणी ओतून खरवडावी लागते. फ्लॅटवाल्यांना तो व्याप नको, वर मोरीचं तोंडही बघवत नाही. म्हणून बाई घरीच डोकं-शेपूट उडवून, सोलून आणायची. तिथंच फसली.

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या सलोनीने ते पांढरं धड बघितलं आणि मोबाइल काढला. ही डॉल्फिन कापून विकतेय, असं बोलत व्हिडिओ सोडूनही दिला. बाई समजावतेय, तर ही विचारते, "मछली है तो मुंह किधर है, आंटी?"

"तोंड काढून आण, असं तुझी मम्मीच बोललीय."

लोक हसले. पण सेक्रेटरी कुलदीपने टोपली उचलायला लावलीच.

बाई टोपली उचलतेय तोच, कुणी कळवलं म्हणून वनखात्याचा माणूस आला. त्याने मोरीचा कणा बोटांनी वाकवून दाखवला. नुसती कूर्चा, हाड नाहीच. डॉल्फिनला आपल्यासारखी हाडं असतात, तो हवा घ्यायला वर येतो, त्याची मादी पिल्लाला दूध पाजते. मोरी मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेते. डॉल्फिन मारला तर तुरुंग. व्हेल शार्कसारख्या काही शार्कनाही तोच कायदा आहे, पण ही मोरी त्या यादीत नाही. एवढं सांगून तो गेला. ते कुणी शूट केलं? एकानेही नाही.

बाईच्या नवऱ्याने, फ्रेडीने, अडकलेला डॉल्फिन सोडवायला नवंकोरं जाळं कापलंय. ते सांगायला मी कुलदीपकडे गेलो, तर म्हणे बिल्डिंगची बदनामी झाली, आता बाई गेटाशी नको. आणि बाईची झाली ती?

बाई आता घरीच बसते. मला म्हणाली, "मोरी पन कमी झालीय, त्याचं कुनाला काय न्हाय. तिचं तोंड डॉल्फिनसारखं हसरं न्हाय ना."

तो व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. त्याच ग्रुपवर आज लिहा: ती मोरी होती, आणि बर्नडेटबाईला तिची जागा परत द्या.