मेजावरचं गवत

"हिला उठवा. न्हायतर मी बसत न्हाय."

निपाणीचे तंबाखूवाले आप्पा दारात उभे राहूनच बोलले. बोट मी बसले होते त्या खुर्चीकडे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यापुढं पांढरं ताट होतं. अजून त्यात कुणी काही वाढलं नव्हतं.

बेळगावच्या कॅम्पातला तो बंगला आप्पांचा. लढाईच्या दिवसांत तिथं पोलंडच्या सात बायका राहायच्या. रशियानं त्यांना घरांतून उचलून बर्फात नेऊन टाकलेलं. तिथून सुटल्या त्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आल्या, आणि या सातजणी दुखण्यातून उठल्यावर हवापालटासाठी इकडं. मी त्यांच्याकडं झाडलोट करायची, मागच्या खोलीत राहायची. उचगावच्या महारवाड्यातली मी. नवरा पलटणीत गेला तो आलाच नाही. पोरगी गावी आईजवळ. हे काम सुटलं की परत गावकी, शेणाची पाटी, आणि उद्या तीच पाटी पोरीच्या डोक्यावर. म्हणून मान खाली घालून राहत होते.

हेलेनाबाई त्यांच्यातली थोरली. छावणीत मोडकंतोडकं मराठी शिकलेली. तिचाही नवरा लढाईत हरवलेला. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्यात एक रीत असते. मेजावर वाळलं गवत पसरायचं, वर पांढरी चादर घालायची, पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. आणि एक ताट जास्तीचं मांडायचं. वाट चुकून कुणी दारी आलं तर त्याचं. मी विचारलं, कुणीबी आलं तर? ती म्हणाली, कुणीबी.

गवत मीच आणलं. उचगावाहून, डोक्यावर भारा घेऊन चालत. पसरलंही मीच. बायांना टोचू नयेत म्हणून कुसळं एकेक वेचून काढली. चांदणी दिसली तशी हेलेनाबाईनं माझा हात धरला आणि त्या जास्तीच्या ताटापुढं मला बसवलं. बसले. मूर्खच मी. जन्मात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली आणि वाटलं, या बायकांनी एवढं सोसलंय, यांना आपलं कळत असणार.

तेवढ्यात आप्पा आले. घरमालक म्हणून त्यांनाही बोलावणं होतं.

ते बोलले आणि साती जणी एकमेकींकडं बघायला लागल्या. घर सोडा म्हणाले तर जायचं कुठं, हे भय प्रत्येकीच्या तोंडावर. ते भय मला चांगलं ओळखीचं. हेलेनाबाई माझ्या कानाशी वाकली.

"तू आत जा. मी ताट मागल्या दारी आणते."

मी उठले. तिनं खुर्ची फडक्यानं पुसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी शिकली तसंच हेही शिकली होती.

आप्पा बसले. मेजावर हात टेकला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी. काम जाणार, हे ठाऊक होतं. तरी बोलले.

"आप्पा, चादरीखाली गवत हाय. माझ्या डोक्यावरनं आलंय, माझ्या हातानं पसरलंय. त्याचा इटाळ न्हाय व्हय तुमास्नी?"

आप्पांनी चटका बसल्यासारखा हात उचलला. खुर्ची मागं सारून निघून गेले. जेवण कुणालाच गेलं नाही.

थोड्या वेळानं हेलेनाबाई मागल्या दारी आली. हातात ताट, डोळ्यांत पाणी. म्हणाली, आमचं घर जाईल, तू सकाळी जा. पण आता जेव. मला तिची कीव आली. रागही आला. ताटाला मी हात लावला नाही.

"मागल्या दारचं लई खाल्लं, बाई. आता न्हाय."

सकाळी उचगावला चालत गेले. सुटका कसली? आठवडाभरात शेणाची पाटी परत डोक्यावर आली. पोरगी शाळेच्या ओसरीवर बसायची, खिडकीतनं फळा बघायची. एवढे दिवस मीच तिला सांगत आले होते, तिथंच बस, आत जाऊ नको.

एका सकाळी पाटी उतरवली. पोरीला हाताला धरून वर्गात नेलं, बाकीच्या पोरांच्यात बसवलं. मास्तर म्हणाले, हिला उठवा.

पोरगी माझ्याकडं बघायला लागली.

"उठायचं न्हाय," मी म्हटलं.

आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या दारात उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले.