भिजवलेला रस्ता

जयमालाबाई रागावल्या की त्यांचा आवाज बसतो. त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात तो इतका बसला होता की समोर बसलेल्या संस्थेच्या अध्यक्षांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

अमडापूरजवळच्या त्या गावात बाईंनी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे गव्हर्नर पोरांकडून घोकून घेतले. त्या निवृत्त झाल्या, शाळेची शंभरी आली आणि स्मरणिकेतला इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडंच आलं. इमारतीचं उद्घाटन एका गोऱ्या गव्हर्नरनं केलं, एवढंच गावाला ठाऊक होतं. बाईंनी जुन्या कागदांसाठी बुलढाण्याला चकरा मारल्या, तेव्हा वेठीच्या माणसांची नावांसह एक यादी सापडली. साहेबाच्या मोटारीला धूळ लागू नये म्हणून भर चैत्रात दोन मैल रस्ता भिजवला होता. गावच्या एकुलत्या विहिरीतून, एकोणीस माणसं वेठीला धरून.

उरलेलं नव्वदीच्या गीताबाईंनी सासरी ऐकलेलं सांगितलं. "विहीर आटली माय. आठ दिवस बाया पाण्यासाठी नदीत झिरे खांदत होत्या. माह्या सासऱ्यानं घागर खाली ठेवली, तं पाटलानं त्याची पाठ फोडली."

बाईंनी सगळं लिहिलं. स्मरणिका छापून आली, तर पानभर गव्हर्नरचा फोटो आणि वेठीचा मजकूर गायब.

"माह्या आजोबाचं नाव काऊन लिहिलं तुम्ही त्याच्यात?" ऑफिसात अध्यक्ष महादेवराव म्हणाले. "ते पाटील होते. वरून हुकूम आला, त्यायनं पाळला."

"गव्हर्नर घंटाभर आला अन् गेला. पाठ फोडणारा हात गावातलाच होता, महादेवराव."

"शंभरीच्या दिवशी हे कशाले उकरता?"

बाई तडक उठल्या. गाळलेल्या पानाच्या चारशे झेरॉक्स काढल्या आणि समारंभाच्या सकाळी मंडपाच्या दारात उभं राहून येईल त्याच्या हातात कोंबल्या. कुणी घडी करून खिशात घातली, कुणी खुर्चीखाली टाकली. महादेवरावांनी माइकवरून विघ्नसंतोषी लोकांचा समाचार घेणं सुरू केलं.

गीताबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बाईंचा पदर ओढला. "माह्या सासऱ्याचं नाव आहे का याच्यात? वाच बरं."

भाषण चालूच होतं. बाईंनी उभ्या उभ्या एकोणीसच्या एकोणीस नावं वाचली. सहाव्या नावाला मागून कुणीतरी ओरडलं, "आमचा पंजोबा आहे थो!" महादेवराव थांबले, पण बाई थांबल्या नाहीत.

गव्हर्नरचा फोटो अजून ऑफिसात आहे. निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेली शाल बाईंनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवली.